चीनसाठी दोन आणे

आबाजींना अक्षरओळख नव्हती, पण चीन त्यांना ठाऊक होता. नागपूरच्या टिमकीतल्या आमच्या घरात खड्डामागाशेजारी बसून ते आम्हा नातवंडांना सांगत, "मी चीनले दोन आणे देल्ले होते." काशीला, पंढरीला दान दिल्याचं म्हातारी माणसं सांगतात, त्याच सुरात. एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात त्यांचा जन्म गेला. पाळी सुटल्यावर घरी येऊन ते पुन्हा मागावर बसत. नागपूरबाहेर फार तर रामटेक आणि आंभोरा, एवढाच त्यांचा प्रवास. तरीही जपानी विमानांनी चीनच्या शहरांवर बॉम्ब टाकल्याचं ते सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. पगाराच्या दिवशी मिलच्या फाटकाशी युनियनची पोरं झोळी घेऊन उभी होती. एकाने ओरडून सांगितलं, आपल्या नागपूरचा डॉक्टर चीनमधल्या जखमींना मलमपट्टी करायला जातोय. आबाजींनी कनवटीचे दोन आणे काढून झोळीत टाकले. आजी त्यावरून रुसली होती, कारण त्या दोन आण्यांत घरात जोंधळे आले असते.

ही 1938 सालची गोष्ट. तिच्यामागचा इतिहास मला पुढे गल्लीतल्या मास्तरांकडून कळला. मास्तर नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. अंगात खादी, हातात 'महाराष्ट्र' नाहीतर 'हितवाद'चा अंक. संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून ते आबाजींना बातम्या वाचून दाखवत. आबाजी सांगत ते घडलेलं, आणि मास्तर सांगत ते का घडलं. मला साम्राज्यशाही समजली ती या दोघांच्या मधे बसून. पुढे पुस्तकं पुष्कळ वाचली, पण त्यांनी घालून दिलेला पाया बदलावा लागला नाही.

जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर पुरतं युद्ध लादलं आणि वर्ष संपायच्या आत नानकिंग शहरात कत्तल झाली. चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. 30 जून 1938 रोजी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं. पैसे गोळा झाले, एक रुग्णवाहिका उभी राहिली आणि पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल हे प्रमुख, ते स्पेनच्या यादवीत जखमींची सेवा करून आलेले. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. आणि आमच्या नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकर, वयाने सर्वांत ज्येष्ठ. 1 सप्टेंबर 1938 रोजी 'राजपुताना' बोटीने त्यांनी मुंबई सोडली. सप्टेंबरच्या मध्याला ते कँटनला उतरले. महिनाभरातच ते शहर जपान्यांच्या हाती पडलं, पाठोपाठ वुहानही. डॉक्टर यांगत्से नदीच्या काठाने मागे सरकत, वाटेत इस्पितळं चालवत चुंगकिंगला पोचले आणि 1939 च्या फेब्रुवारीत येनानला. चोळकर त्याच वर्षी परतले. कोटणीस मागे राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शांतारामबापूंनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि सगळ्या देशाला ते नाव पाठ झालं. परत आलेल्यांची नावं मात्र हळूहळू पुसली. आबाजींच्या तोंडी शेवटपर्यंत चोळकर हेच नाव होतं. कोटणीसांचं नाव घेतलं की ते मान हलवत आणि म्हणत, "हाव, तेबी होते. पण आपला चोळकर पहिले."

महाराष्ट्रातून गेलेले हे दोघेही कापडगिरण्यांच्या गावांतले होते. सोलापूरने 1930 मध्ये मार्शल लॉ सोसला होता आणि जानेवारी 1931 मध्ये आपली चार माणसं फासावर जाताना पाहिली होती. नागपूरने 1923 मध्ये झेंडा सत्याग्रह केला होता. सिव्हिल लाइन्समधून तिरंगा न्यायचा नाही, हा हुकूम मोडण्यासाठी 1 मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोज जत्थे निघाले, देशभरातून माणसं आली आणि हजारावर तुरुंगात गेली. जमनालाल बजाजांनी सुरू केलेला तो लढा वल्लभभाई पटेलांनी तडीला नेला. अशा गावांना परक्या माणसाचं दुःख समजावून सांगण्यासाठी फार भाषणं लागत नसावीत.

तरी मास्तर एक गोष्ट सांगत आणि तिच्यामुळे दोन आण्यांचं मोल माझ्या मनात फार वाढलं. त्या काळी भारताच्या कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जपान होतं. आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस ओसाकाच्या गिरण्या घेत. 1933 मध्ये इंग्रज सरकारने लँकेशायरचं भलं करण्यासाठी जपानी कापडावर जबर जकात बसवली, तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी करार झाला. त्यात जपान किती कापूस घेईल त्यावर त्याचं किती कापड इथे येईल हे ठरलं. त्या एका हंगामाने कापूस पिकवणाऱ्यांच्या पोटात भीती बसवली होती. आणि फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुऱ्याच्या काँग्रेसने लोकांना सांगितलं, जपानी माल घेऊ नका.

आजीचा भाऊ काटोलकडचा कापूस पिकवणारा. तो बंडी घेऊन गंजीत आला की आमच्याकडे उतरायचा. त्या वर्षी तो आबाजींवर खवळला. चीनचं तुम्हाला एवढं काय पडलंय, जपानने पुन्हा कापूस सोडला तर माझी लेकरं काय खातील, असं त्याचं म्हणणं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आबाजींनी त्याला काय उत्तर दिलं हे मी अनेकदा विचारलं. ते म्हणत, उत्तर काही देता आलं नाही, त्याला जेवायला वाढलं. मास्तरांनी मात्र उत्तर दिलं होतं. ते म्हणाले होते, "मामा, नानकिंगमध्ये मारलेली माणसं तुमच्या-आमच्यासारखीच शेतकरी आणि कोष्टी होती. कापसाचा भाव पडला तर आपण भांडून घेऊ. तिथं माणूसच उरला नाही." मामा दुसऱ्या दिवशी गेला. पुढच्या हंगामात आला तेव्हा तोही सभेला गेला, असं आजी सांगे.

साम्राज्याचा हिशेब नागपूरला लवकर कळला, याला कारणं आहेत. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत विकले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात गेले. वृद्ध बांकाबाईंनी निरोप धाडला, वाड्यातलं सामान बाहेर काढाल तर मी वाड्याला आग लावीन. ही गोष्ट आमच्या आजीने तिच्या आजीकडून ऐकली होती. सांगताना ती बैलांवर फार वेळ थांबायची. राजाच्या गोठ्यातले बैल कसायाच्या दावणीला गेले, याचं दुःख तिला जडजवाहिरापेक्षा मोठं वाटे. त्यानंतर तीन वर्षांत 1857 उजाडलं. टाकळीच्या घोडदळातला उठावाचा बेत फसला आणि माणसं फासावर गेली. सीताबर्डीच्या किल्ल्यात नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांची कबर आहे. किल्ला वर्षातून तीनच दिवस लोकांना खुला होतो, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. मास्तर आम्हा मुलांना त्या दिवशी तिथे नेत आणि कबरीपुढे टोपी काढून उभे राहत.

मग कापूस आला. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. 1867 मध्ये आगगाडी नागपुरात पोचली. कापूस बाहेर न्यायला आणि विलायती कापड आत आणायला एकच रूळ. आबाजींचे आजोबा मागावर लुगडी विणत. गाडी आल्यावर त्यांच्या मागाचं काम कसं आटलं, हे आमच्या घरात तीन पिढ्या सांगितलं गेलं. जमशेटजी टाटांनी इथे गिरणी काढली ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. आणि त्याच 1877 मध्ये मजुरीच्या दरावरून त्या गिरणीत संप झाला. हिंदुस्थानातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. सम्राज्ञीच्या नावाची पाटी आणि त्या पाटीखाली बंद पडलेले साचे, हे दोन्ही एकाच वर्षाचे आहेत. ज्या गावाचा कामगार असा घडला, त्याला चीनमधल्या कारखान्यावरचा बॉम्ब समजावून सांगायला नकाशा लागत नव्हता.

डिसेंबर 1920 च्या काँग्रेस अधिवेशनात आबाजी पोरसवदा होते, मंडपात पाणी वाटत होते. आज ज्या भागाला काँग्रेसनगर म्हणतात, तिथला तो मंडप. असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच अधिवेशनाने आयर्लंडमधल्या कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी यांच्या स्मृतीला अभिवादन केलं होतं. 74 दिवसांचं उपोषण करून ते दोनच महिन्यांपूर्वी लंडनच्या तुरुंगात वारले होते. आपला लढा सुरू करतानाच इथल्या माणसांनी दूरच्या बेटावरच्या एका मृत्यूची आठवण ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

1929 च्या अखेरीस आयटक या कामगार संघटनेचं अधिवेशन नागपुरात भरलं, नेहरू अध्यक्ष. इंग्रज सरकारच्या व्हिटले कमिशनवर बहिष्कार टाकायचा का आणि ब्रुसेल्सला 1927 मध्ये स्थापन झालेल्या साम्राज्यशाहीविरोधी संघाशी जोडून घ्यायचं का, या प्रश्नांवर संघटना फुटली. ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी यांनी वेगळी चूल मांडली. नागपूरचे आर. एस. रुईकर तेव्हा गिरणीतलं मोठं नाव होतं. आबाजी म्हणत, त्या फुटीनं आमचं फार वाटोळं केलं. दरवाढीचं राहिलं बाजूला आणि पुढारी ब्रुसेल्सवर भांडत बसले. त्यांची तक्रार मी खोडून काढणार नाही. जगाचा विचार करणारी चळवळ जवळच्या माणसाच्या हजेरीपत्रकाला विसरली की तिचा पाया खचतो, आणि तो पुन्हा भरायला नऊ वर्षं लागली. एकीचा करार पुन्हा नागपुरातच झाला, एप्रिल 1938 मध्ये. चीनसाठी झोळी फिरली ती त्याच उन्हाळ्यानंतर. एकी झाली होती म्हणूनच ती फाटकाफाटकावर फिरू शकली.

1939 चा सप्टेंबर. व्हाइसरॉयने कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला. वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी बसली आणि 14 सप्टेंबरला तिने इंग्रजांना जाहीर प्रश्न केला: हे युद्ध लोकशाहीसाठी आहे की साम्राज्य टिकवण्यासाठी? लोकशाहीसाठी असेल तर आधी आमच्यावरचं साम्राज्य काढा. ऑक्टोबरच्या आरंभी मुंबईत गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. त्याच ऑक्टोबरमध्ये नागपुरात सुभाषबाबूंच्या पुढाकाराने साम्राज्यशाहीविरोधी परिषद भरली. त्या नावाचीच परिषद. मास्तर तिला हजर होते. गर्दी, घोषणा, धुळीने घसा बसलेले स्वयंसेवक, हे सगळं ते सांगत. पण भाषणांपेक्षा त्यांना एक गोष्ट जास्त आठवे. मंडपाबाहेर कोणीतरी म्हणालं, इंग्रज अडचणीत आहे, जर्मनी जिंकू दे, आपलं काम होईल. मास्तरांच्या शेजारचा एक गिरणी कामगार त्यावर चिडला. हिटलरने पोलंडमध्ये जे केलं ते करणारा उद्या आपल्याला स्वराज्य देईल का, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणत, परिषदेत मी जे शिकलो ते त्या मंडपाच्या दारात शिकलो. पुढे जून 1940 मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचं अधिवेशन नागपुरात भरलं, तेव्हा पॅरिस नुकतंच पडलं होतं आणि तो वाद गल्लीगल्लीत पोचला होता.

त्याच वर्षांत वर्ध्याजवळच्या सेगावात, आजच्या सेवाग्रामात, गांधीजींनी पॅलेस्टाइनवर लिहिलं. नोव्हेंबर 1938 चा तो 'हरिजन'मधला लेख. ज्यूंच्या यातनांबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता आणि तो त्यांनी लिहिला. पण ती भूमी अरबांची आहे आणि इंग्रजी संगिनींच्या आडोशाने ती दुसऱ्याला देता येणार नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी अहिंसक प्रतिकाराचा सल्ला दिला, तो ज्यू विचारवंत मार्टिन बूबरसारख्या माणसाला अपुरा आणि क्रूर वाटला. बूबरनी तसं पत्र 1939 मध्ये लिहिलं. मला बूबरचं दुःख खरं वाटतं. तरी त्या लेखातला पहिला भाग आजही उभा आहे. एका छळलेल्या समाजाला आसरा हवा म्हणून दुसऱ्या समाजाचं घर रिकामं करता येत नाही, हे आमच्यापासून पन्नास मैलांवरच्या एका कुडाच्या झोपडीतून 1938 सालीच सांगितलं गेलं.

यानंतरचा भाग घरात कोणी नीट सांगत नसे. 1942 मध्ये गावं पेटली. चिमूर, आष्टीत ऑगस्टमध्ये माणसं मेली. हिंदुस्थानी लाल सेनेचा पोरगा शंकर महाले जानेवारी 1943 मध्ये नागपूरच्या तुरुंगात फाशी गेला. त्याच वेळी शेजारचा कम्युनिस्ट कार्यकर्ता हे लोकयुद्ध आहे, आता संप करू नका, म्हणत फिरत होता. गल्लीने त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि रात्री दार लावून रेडिओवर नेताजींचा आवाज ऐकला जाई. ज्या सुभाषबाबूंनी जपानविरुद्ध चीनला डॉक्टर पाठवले, ज्यांनी 1937 मध्येच जपानच्या चीनवरच्या चढाईवर लेख लिहिला, तेच आता जपानच्या मदतीने लढत होते. आबाजींच्या देव्हाऱ्याशेजारी नेताजींची तसबीर शेवटपर्यंत होती आणि तिला ते रोज हात जोडत. मास्तरही नमस्कार करत. पण एकदा त्यांनी मला अंदमानचं सांगितलं. मार्च 1942 पासून जपान्यांच्या ताब्यात असलेल्या त्या बेटांवर डॉ. दिवाणसिंग या भारतीय देशभक्ताला जपान्यांनी सेल्युलर जेलमध्ये छळून मारलं, जानेवारी 1944 मध्ये. नेताजींच्या त्यागाला तोड नाही आणि त्यांनी धरलेला हात रक्ताने भरलेला होता, ही दोन्ही वाक्यं मास्तर एका श्वासात म्हणत. एकासाठी दुसरं गिळायला त्यांनी मला कधी शिकवलं नाही.

1962 मी स्वतः पाहिलं, मुलाच्या नजरेने. चीनने हल्ला केला तेव्हा गल्लीतली काही माणसं आबाजींना टोचून बोलली. तुझ्या दोन आण्यांची परतफेड झाली बघ, असं. आजी तेव्हा म्हातारी झाली होती, पण तिलाही ते लागलं. आबाजी रात्रभर बोलले नाहीत. सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. त्यांचं बोलणं मला जवळजवळ जसंच्या तसं आठवतं: "तवा जपान घुसला होता चीनच्या घरात, म्हून म्या चीनले देल्ले. आता चीन घुसला आपल्या घरात, तर जवानांले देईन. जो दुसऱ्याच्या घरात घुसते तो चोर. मंग झेंडा कोणताबी असो." त्या दिवसांत संरक्षण निधीत त्यांनी आजीचं एक चांदीचं कडं दिलं. दोन आण्यांचा पश्चात्ताप त्यांना झाला नाही, आणि चीनचा द्वेषही त्यांनी घरात शिरू दिला नाही.

माझ्या मते हेच ते माप आणि याच मापाने आज मोजायला हवं. साम्राज्यशाहीचा विरोध करणाऱ्या कित्येकांनी ते मधल्या काळात हातातून सोडलं. व्हिएतनामवर नापाम पडला तेव्हा रस्त्यावर आलेली माणसं हंगेरीत 1956 मध्ये आणि प्रागमध्ये 1968 मध्ये रणगाडे शिरले तेव्हा गप्प होती. उलटही तितकंच खरं. रशियाचा रणगाडा ज्यांना दिसतो त्यांना 2003 मध्ये इराकवर खोट्या कारणाने केलेलं आक्रमण मुक्ती वाटलं. त्या फेब्रुवारीत, युद्ध सुरू होण्याआधीच, जगभरच्या शहरांत लाखो लोक निषेधाला उतरले. युद्ध थांबलं नाही. पण ज्यांचं कारण पुढे केलं ती संहारक शस्त्रं इराकमध्ये नव्हती, हे शेवटी सगळ्यांना मान्य करावं लागलं.

आज संविधान चौकात गाझासाठी फलक घेऊन तरुण मुलं उभी राहिली की मी थांबतो. त्यातली काही इंजिनिअरिंगची असतात, काही विद्यापीठातली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली आणि ओलीस नेली, तो गुन्हा होता. त्यानंतर गाझावर जे कोसळलं त्यात, तिथल्या आरोग्य खात्याच्या हिशेबाने, मार्च 2025 पर्यंत 50,000 हून अधिक माणसं मेली, इस्पितळं उद्ध्वस्त झाली, डॉक्टर मेले. पहिल्या गुन्ह्याने दुसरा माफ होत नाही. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर 2023 मध्ये हेगच्या न्यायालयात दावा दाखल केला, तो देश स्वतः वर्णभेदातून बाहेर पडलेला आहे, म्हणून त्याला तो नैतिक अधिकार आहे असं मी मानतो. पण त्या मुलांना मी हेही विचारतो की 24 फेब्रुवारी 2022 नंतर युक्रेनसाठी तुम्ही इथे का उभे राहिला नाहीत? विदर्भातली कितीतरी मुलं तेव्हा खारकीव्हच्या तळघरांतून जीव वाचवून परत आली. रशिया अमेरिकेविरुद्ध आहे म्हणून त्याने शेजाऱ्याच्या घरात घुसावं, हे आबाजींच्या मापात बसत नाही. आणि जे युक्रेनसाठी हळहळतात त्यांना गाझा दिसत नसेल तर त्यांचंही माप खोटं. सुदानचं तर नाव कोणी घेत नाही. एप्रिल 2023 पासूनच्या युद्धात तिथे एक कोटीहून जास्त माणसं बेघर झाली आहेत.

आपल्या देशाने संयुक्त राष्ट्रांत युक्रेनच्या ठरावावर मतदान केलं नाही, ऑक्टोबर 2023 मध्ये गाझाच्या युद्धविरामाच्या ठरावावरही केलं नाही, डिसेंबरमध्ये मात्र बाजूने मत दिलं. स्वस्त रशियन तेल, इस्रायलशी शस्त्रांचा व्यवहार, हे सगळं या तटस्थतेत आहे. मला इथे काटोलचा मामा आठवतो. त्याचा कापूस खरा होता आणि त्याची लेकरं खरी होती. व्यवहार नको असं मी म्हणत नाही. पण व्यवहारासाठी जीभ गिळायची नसते, हे 1938 मध्ये या गावाने करून दाखवलं होतं. आणि हे दूरचं नाही. तोफगोळ्यांची कवचं बनवणाऱ्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय नागपुरातच आहे. तिथल्या कामगाराच्या पोटाचा प्रश्न माझ्या आबाजींच्या पोटाएवढाच खरा आहे. बनवलेला गोळा शेवटी कुणाच्या छपरावर पडतो, हे विचारायचा हक्क त्याला आणि आपल्यालाही आहे.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. आबाजी आणि मास्तर त्याआधीच गेले होते. या गावात आज मेडिकल आहे, मेयो आहे, एम्स आहे, खाजगी इस्पितळांची रांग आहे आणि मध्य भारतातला रोगी इथे उपचाराला येतो. 1938 मध्ये यातलं फार थोडं होतं, तरी एक डॉक्टर गेला आणि गिरणी कामगारांनी झोळी भरली. नागपूरच्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. गाझा, युक्रेन आणि सुदान या तिन्ही ठिकाणच्या जखमींसाठी एकच निधी उभा करा, झेंडा न पाहता, आणि सरकारकडे तिथे वैद्यकीय पथक पाठवायची परवानगी मागा. पेन्शनमधून माझा हप्ता मी दर महिन्याला देईन.